सुवर्णपंजा आणि जनरल

१ मार्च, रविवार. सकाळ.

आज एक मोठी गोष्ट घडली. 'मिशीवाले' या मांजरप्रेमींच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये मला 'ज्येष्ठ सभासद' हा दर्जा मिळाला. नावापुढे सोनेरी पंजा आला. फोन तिरका धरला की चमकतो. सरळ धरला तरी चमकतो, पण तिरका धरला की जास्त.

लेकीला होस्टेलवर फोन केला. ती म्हणाली, बाबा, तो पंजा पोस्ट मोजून आपोआप मिळतो. तिनेच हे ॲप मला टाकून दिलं होतं. कचेरीतून आल्यावर आईचं डोकं खाऊ नका, इथे काय ते बोला, म्हणून. तिला काय कळतंय. पोस्ट सगळेच टाकतात. त्यात वजन लागतं.

हिला पंजा दाखवला. ही मुलांच्या वह्या तपासत होती. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. म्हणाली, छान आहे, आता जाताना कचरा खाली न्या.

ज्येष्ठ सभासदाचे हक्क असे: एका पोस्टमध्ये कितीही फोटो. स्वतःची पोस्ट टाकल्यावरही दुरुस्त करता येते. आणि नवीन सभासदावर 'स्वागत' असा शिक्का मारता येतो. तासाभरात सगळ्यांचं स्वागत केलं. काही जण बरेच जुने निघाले. त्यांचंही केलं.

संकल्प: फोन दिवसातून दोनदाच बघायचा. सकाळी आणि संध्याकाळी. दर्जा मिळाल्यावर माणसाने दुर्मीळ व्हावं.

रविवार. दुपार.

फोन बघितला. ही दुपार संकल्पात धरलेली नाही, कारण सुट्टी आहे.

जनरल आला. जनरल म्हणजे माझं मांजर. महिन्यापूर्वी गॅलरीच्या कठड्यावर स्वतःहून हजर झाला. पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग, डाव्या कानाला छोटी खाच. लढाईतली असणार. चालण्यात असा रुबाब की दुसरं नाव सुचलंच नाही. रोज येतो, बशीभर दूध पितो, माझ्याकडे एकदा बघतो आणि मागच्या भिंतीवरून जातो. कुठे जातो ते मी विचारत नाही. आमच्यात तेवढा विश्वास आहे.

ही म्हणते, ते कुणाचं तरी पाळलेलं आहे, अंग बघा कसं चकचकीत. मी म्हटलं, शिस्त रक्तात असते.

२ मार्च, सोमवार.

कचेरीत नेहमीचं. आम्ही विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा जानेवारीपासून माझा साहेब आहे. मी मनात त्याला 'धाकटे साहेब' म्हणतो. आज त्यांनी मला विचारलं, काका, तुमच्या टेबलावरच्या फायली कधी हलणार? फायली हलवणं हे शिपायाचं काम आहे, असं मी म्हणणार होतो. बोललो नाही. मोठेपणा.

पण देव एक दार लावतो तेव्हा कुठेतरी फोन वाजतोच. 'मिशीवाले' ज्यांनी सुरू केला ते प्राण्यांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना नव्या जागेत हलतोय. त्यांनी मला, खास मला, निरोप पाठवला. लिहिलं होतं, पंधरा-वीस दिवस मी गडबडीत आहे. तुम्ही सदानकदा ऑनलाइन दिसता, तर ग्रुपवर जरा लक्ष ठेवाल का? नियामकाचे अधिकार तुमच्या नावावर करतो. जाहिरातवाले आले तर उडवा. बाकी काही करायची गरज नाही.

शेवटचं वाक्य विनयाने लिहिलेलं दिसतं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, वर्गाचा मॉनिटर निवडताना ज्या मुलाला मॉनिटर व्हायचंच आहे त्याला आम्ही कधी करत नाही.

शाळेची गोष्ट वेगळी.

४ मार्च, बुधवार.

ग्रुपमध्ये अनागोंदी आहे. काल पूर्ण दिवस पाहणी केली. कुणीही उठतो आणि मांजराचा फोटो टाकतो. खाली लोक लिहितात, अले माझं छोनुलं ते. वयाने मोठी माणसं आहेत. एकाच्या नावापुढे तर वकील लिहिलंय.

आज नियमावली केली. कचेरीतच केली, पण जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी थोडी लांबली.

नवीन सभासदाने आधी स्वतःचा परिचय लिहायचा. तो मी मंजूर करेपर्यंत त्याला फक्त वाचता येईल. मंजुरीनंतर लिहिता येईल, पण फोटो नाही. फोटोचा हक्क पूर्ण सभासदाला. प्रश्न प्रश्नांच्या जागी, उत्तरं उत्तरांच्या जागी. 'अले', 'छोनुलं', 'गुंडोबा' वगैरे भाषेवर बंदी. ज्येष्ठ सभासदाला उलट बोलताना आधी परवानगी घ्यावी. ज्येष्ठ सभासद सध्या मी आणि आणखी एक आजोबा आहेत. ते मागच्या वर्षापासून दिसले नाहीत.

'मनीची आई' या सभासदबाईंनी विचारलं, मग आता लिहायचं तरी काय? मी उत्तर दिलं, माहितीपूर्ण.

त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. विचार करत असावेत. नियमांचा हाच फायदा.

५ मार्च, गुरुवार. सकाळ.

जनरलचं पोट सुटलंय. कठड्यावरून उतरताना पूर्वीची चपळाई नाही. उतरून मागे वळून बघतो, जणू कठडाच चुकला. वयाबरोबर होतं. माझंही झालंय, पण मी कठड्यावर जात नाही.

संकल्प: जनरलचं दूध अर्धं. मीही साखर बंद.

संध्याकाळ. ग्रुपवर दीर्घ लेख टाकला: 'बोक्यांचं वाढतं वजन: एक चिंतन'. सोबत जनरलचे फोटो, सगळ्या बाजूंनी. चहात साखर घेतली. लेखनानंतर अशक्तपणा येतो.

हिच्या वाटीत जनरलसाठी मासा दिसला. विचारलं तर म्हणाली, भुकेला जीव आहे, तुमचं चिंतन त्याला कळत नाही.

७ मार्च, शनिवार.

प्रतिष्ठेला धक्का.

'बोकोबा' नावाचा एक सभासद आहे. आगाऊ. त्याने माझ्या लेखाखाली लिहिलं की, तीन रंगांचं मांजर जवळपास नेहमी मादी असतं. आणि हे वजन नव्हे, ही पोटुशी आहे. जनरलबाईंना अर्धं दूध देऊ नका, दुप्पट द्या.

जनरलबाई!

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याखाली लोकांनी हसणाऱ्या तोंडांची रांग लावली. वकीलही हसले. मी शांतपणे नियम पाहिला. उलट बोलण्याआधी परवानगी घेतलेली नव्हती. बोकोबाला आठवडाभर बंद केला. कारण लिहिलं: ज्येष्ठ सभासदाच्या बोक्याची बदनामी.

ही म्हणाली, वाद कशाला घालताय, उचलून बघा की. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मी म्हटलं, जनरलला मी असं उचलून बघणार नाही. दोन पुरुषांमधला परस्पर आदर असतो.

८ मार्च, रविवार.

निर्णय घेतला. दूध अर्धं करूनही पोट वाढतंच आहे, म्हणजे बाहेर कुणीतरी त्याला खाऊ घालतंय. आजपासून जनरल घरातच. लेकीची खोली रिकामी असते, ती त्याला दिली. गॅलरीचं दार बंद. ही म्हणाली, हे काही बरं नाही हं, कुणीतरी वाट बघत असेल त्याची. मी म्हटलं, सैन्यात घरची आठवण काढून चालत नाही.

जनरलने तासभर दारापाशी आरडाओरडा केला. मग खोलीची पाहणी केली. शेवटी माझ्या कपाटापुढे बसून राहिला. माझं कपाट तिथेच आहे, कारण हिच्या मते आमच्या खोलीत माझ्या शर्टांना जागा नाही. खालचा खण नीट लागत नाही. सुतार बोलवायचा आहे. दोन वर्षांपासून.

१० मार्च, मंगळवार.

आज ग्रुपवर चोरी पकडली. कचेरीत बसून, धाकटे साहेब समोर उभे असताना.

'सुईदोरा' नावाची कुणी बाई काल रात्री नवीन सभासद झाली. आल्या आल्या, परिचय न लिहिता, सरळ फोटोसकट पोस्ट. नवीन माणसाच्या पोस्ट आधी माझ्याकडे मंजुरीला येतात. उघडून बघतो तर काय, जनरलचा फोटो! तेच तीन रंग, तोच कान, तीच खाच. मागे शिलाई मशीन दिसत होतं, तेवढा फरक. खाली लिहिलेलं की, माझं मांजर हरवलंय, पोटुशी आहे, कुणाला दिसलं तर कृपा करून कळवा.

माझे फोटो उचलायचे, मागे मशीन चिकटवायचं आणि लोकांची सहानुभूती मिळवायची. हल्ली हे तंत्र फार पुढे गेलंय. पोस्ट नाकारली. कारणं दोन दिली: परिचय नाही आणि फोटोचा हक्क नाही. तिसरं, चोरीचं, पुढच्या कारवाईसाठी राखून ठेवलं.

धाकटे साहेब म्हणाले, काका, फाईल. मी म्हटलं, एक गंभीर प्रकरण चालू आहे. ते म्हणाले, फाईलही गंभीर आहे, माणसाचं घर जळलंय त्यात.

फाईल उघडून समोर ठेवली.

११ मार्च, बुधवार.

ग्रुपमध्ये नवा पायंडा पडला आहे. सकाळी मी 'शिस्त आणि आपण' अशी पोस्ट टाकली. खाली मनीच्या आईने लिहिलं, म्याँव. मग वकिलांनी लिहिलं, म्याँव. मग सगळेच. दिवसभर माझ्या प्रत्येक सूचनेखाली म्याँवच म्याँव. दुसरा शब्द नाही.

नियमावली पुन्हा वाचली. म्याँववर बंदी नाही. तसं पाहिलं तर तो माहितीपूर्णही आहे.

लेकीला विचारलं, याचा अर्थ काय असेल? ती खूप वेळ हसत होती. रेंज नसावी, मध्ये मध्ये आवाज तुटत होता. मला वाटतं, हा एकमताने दिलेला पाठिंबा आहे.

१२ मार्च, गुरुवार.

सुईदोराबाईंनी परिचय पाठवला. इथे उतरवून ठेवतो, कारण कारवाईत पुरावा लागतो.

'माझं कपडे शिवायचं छोटं दुकान आहे. घरी मी एकटीच. या गल्लीत येऊन थोडेच दिवस झाले. बॉबिन माझी मांजर. मशीन चालू केलं की ती पायापाशी येऊन बसते, बंद केलं की उठून बघते, काय झालं म्हणून. संध्याकाळी फिरून येते, पण रात्री घरी असतेच. रविवारपासून आली नाही. तिचे दिवस भरत आलेत. मी मशीन चालू ठेवून बसते, काम नसलं तरी. आवाज ऐकून येईल असं वाटतं.'

वाचून जरा कसंतरी झालं. चहा कडक झाला असावा.

पण नियम म्हणजे नियम. परत पाठवला. शेरा: परिचय सभासदाचा हवा, मांजराचा नको. दुरुस्त करून पाठवल्यास सहानुभूतीने विचार होईल.

जनरल आज जेवला नाही. कपाटाच्या खालच्या खणापुढे सारखा पंजे मारत होता. शिस्तीचा परिणाम दिसायला लागला.

१३ मार्च, शुक्रवार.

म्याँव.

(हे मी चुकून लिहिलं. दिवसभर तेच वाचतोय.)

१४ मार्च, शनिवार. दुपार.

घाईत लिहितो.

ही मागच्या गल्लीत टेलरबाईंकडे पडदे आणायला गेली होती. नव्या आल्यात, हात चांगला आहे म्हणून तिने तिकडे शिवायला टाकले होते. परत आली ती पडद्यांशिवाय. हातात एक कागद, दुकानाच्या दारावरून काढलेला. माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, हा जनरलचा फोटो तुझ्याकडे कसा?

ही काही बोलली नाही. ही काही बोलली नाही की मी आपोआप उभा राहतो.

कागदावर फोटो. मागे शिलाई मशीन. खाली 'बॉबिन' असं नाव.

मी म्हणत होतो की, हल्ली हे तंत्र फार पुढे गेलंय. तेवढ्यात लेकीच्या खोलीतून बारीक आवाज आला. जनरलचा नव्हे. जनरलचा आवाज भारदस्त आहे. हा म्हणजे दाराची बिजागरी कुरकुरावी तसा, पण एकाच वेळी चार बिजागऱ्या.

कपाटाचा खालचा खण उघडा होता. आत माझे कचेरीचे निळे शर्ट, इस्त्री केलेले. त्यावर जनरल. आणि जनरलच्या कुशीत चार पिल्लं, ओली, डोळे मिटलेली, एकमेकांवर चढणारी.

जनरल बाळंत झाला. झाली. क्रियापदापाशी अडलोय.

शनिवार. संध्याकाळ.

ही म्हणाली, त्या बाईंना आत्ताच्या आत्ता कळवा. मी म्हटलं, त्यांचा परिचय अजून मंजूर नाही. यावर हिने माझ्याकडे जे बघितलं ते या वहीत लिहिण्यासारखं नाही. चपला घालून स्वतःच गेली.

टेलरबाई धावत आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच, ओढणीला दोन टाचण्या टोचलेल्या. दोन जिने चढून आल्या तरी दम खायला थांबल्या नाहीत. खणापाशी जमिनीवर बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, बॉबिन.

मी त्याला महिनाभर जनरल, जनरल म्हणत होतो. कधी कान हलवला नव्हता. पण त्या हाकेला मान वर केली आणि असा आवाज काढला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर काही नव्हतं.

टेलरबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, फार उपकार झाले तुमचे. जिवाला घोर लागला होता. तो एक मांजरांचा ग्रुप आहे म्हणे, तिथे किती विनवण्या केल्या, पण कुणी मेला पंजावाला बसलाय तिथे, माझा मजकूर लावूच देईना.

मी म्हटलं, असतात असे लोक.

ही स्वयंपाकघरात निघून गेली. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. मग हसण्याचा. बराच वेळ.

१५ मार्च, रविवार.

बॉबिनला तपासायला टेलरबाईंनी डॉक्टर बोलावले. आले ते आपलेच डॉक्टर, 'मिशीवाले'चे. या भागात तेच एक आहेत म्हणे. हे मला आधी कळलं असतं तर मी आज सकाळी फिरायला जायचा संकल्प पाळला असता.

पिल्लं ठणठणीत. आईही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर मासा मिळाला म्हणून बरं. हिने वर बघितलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुमचा चेहरा ओळखीचा वाटतोय. हे मांजरसुद्धा. अहो, ते वजनाचं चिंतन... पंजावाले तुम्हीच ना?

मी पिल्लं मोजायला लागलो.

टेलरबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, कपड्याचं माप घ्यावं तसं. वाटलं, आता काय बोलतात. त्या म्हणाल्या, परिचयात मांजर नको म्हणालात ना? मग माझ्या परिचयात दुसरं काय लिहिणार होते मी?

मी मनात नियमावली चाळली. मी म्हटलं, चुकलं माझं. वहीत लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

त्यांनी मला ओशाळवाणं वाटू दिलं नाही. विचारलं, शर्ट किती खराब झाले? मी म्हटलं, असू द्या. त्या म्हणाल्या, दोन नवे शिवून देते. मी म्हटलं, नको नको. त्यांनी विचारलं, रंग कोणता? मी म्हटलं, निळा.

डॉक्टर म्हणतात, काही दिवस खण हलवायचा नाही. टेलरबाई रोज दुकान बंद करून येणार. ही म्हणाली, या की, चहा आमच्याकडेच घ्या.

१७ मार्च, मंगळवार.

डॉक्टरांनी अधिकार परत घेतले. फार सभ्यपणे. लिहिलं, आपल्या मेहनतीबद्दल आभार, आता आपण विश्रांती घ्यावी. नियमावली काढली. बंद केलेले सगळे परत आले. बोकोबाने आल्या आल्या लिहिलं, जनरलबाई आणि बाळं सुखरूप ना? मी हा दिलगिरीचा सूर समजतो.

सुईदोराबाईंनी सगळी हकिगत टाकली. माझं नाव लिहिलं नाही. 'एका सद्गृहस्थांच्या कपाटात' एवढंच. पण वकिलांनी खाली लिहिलं, सद्गृहस्थांच्या नावापुढे पंजा आहे का? मग अले, छोनुलं, गुंडोबा यांचा जो पूर आला, तो अजून ओसरला नाही. चारही पिल्लांना मिळून चारशे टोपणनावं.

आणि ग्रुपने नवा नियामक निवडला. एकमताने. ही.

टेलरबाईंनी हिला ग्रुपमध्ये आणलं आणि नावही सुचवलं. ही म्हणाली, मला वेळ नाही, वह्या आहेत. म्हणून त्यांना ती आणखीच आवडली. हिने पहिल्या दिवशी एक ओळ लिहिली: हरवलेल्या जिवाची पोस्ट आधी, बाकी सगळं नंतर. बस. एवढ्यावर चाललंय. काम जमत नाही की लोक असे थोडक्यात उरकतात.

निळे शर्ट नसल्यामुळे कचेरीत लग्नातला कोट घालून जातोय. धाकटे साहेब म्हणाले, काका, काही विशेष?

१९ मार्च, गुरुवार.

आज कचेरीतून येऊन थेट खणापाशी बसलो. एका पिल्लाचा एक डोळा किलकिला झालाय. बॉबिनने मला हाकललं नाही. टेलरबाई म्हणाल्या, तुमची सवय झालीये तिला. बोट पुढे केलं तर पिल्लाने ते चोखायचा प्रयत्न केला.

फोन कुठे ठेवलाय ते झोपताना आठवेना. सापडला नाही. तसाच झोपलो.

२१ मार्च, शनिवार. सकाळ.

फोन कोटाच्या खिशात होता.

दोन दिवस ग्रुपपासून दूर राहून शांत विचार केला. आता सगळंच सोडायचं. पण गुपचूप नाही. माणसाने जाताना मागे एक पोकळी ठेवून जावं. निरोपाचा मजकूर फोनमध्ये तयार केला, तीनदा घासला, आणि पाठवला. असा आहे:

'सन्माननीय सहकाऱ्यांनो, आजपासून मी माझ्या सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त होत आहे. जिथे नियमाला मान नाही, तिथे माझ्यासारख्याने थांबू नये. माझ्या शिस्तीचा कुणाला जाच झाला असेल, तर तो त्यांच्या भल्यासाठीच होता. माझी जागा घेणाऱ्याला शुभेच्छा. निर्णय पक्का आहे. कुणीही मनधरणी करू नये.'

आता बघू.

शनिवार. दुपार.

प्रतिसाद अफाट. जोडलेले हात, फुलं, टाळ्या. टाळ्या फारच. मनधरणी करू नये, ही सूचना सगळ्यांनी कसोशीने पाळली. 'मिशीवाले'मध्ये एवढी शिस्त मी प्रथमच पाहिली.

एकाने लिहिलं, काकांची उणीव भासेल. म्हणजे ग्रुपवर मला काका म्हणतात तर. दुसऱ्याने विचारलं, खिडकीजवळची जागा आता कुणाला? त्यावर मोठी चर्चा. मांजरांना खिडकी लागतेच.

आणि धाकटे साहेब! त्यांनीही लिहिलंय, आपल्या निर्णयाचा आदर आहे. सोमवारी छोटासा समारंभ ठेवू. हा माणूस मांजरप्रेमी आहे हे मला माहीतच नव्हतं. उगाच मनात अढी धरली होती.

शनिवार. त्यानंतर लगेच.

हिला प्रतिसाद दाखवला. हिने चष्मा लावला. मग काढून पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाली, हा तुमच्या कचेरीचा ग्रुप आहे.

दोन्ही ग्रुपची चिन्हं गोल आहेत. कुणाचंही असं होऊ शकतं.

पोस्ट काढायला गेलो. तिथे टाकलेली पोस्ट काढायचा हक्क फक्त ॲडमिनला. ॲडमिन धाकटे साहेब. मी तिथे साधा सभासद.

फोन केला. लागला नाही. सुट्टीच्या दिवशी ते पोहायला जातात.

२३ मार्च, सोमवार.

लवकर गेलो. धाकट्या साहेबांना एकटं गाठून सगळं सांगितलं. मांजर, कपाट, पंजा, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये दोनदा तोंडावर रुमाल धरला, सर्दी असावी. मग म्हणाले, अरेरे. लगेच म्हणाले, म्हणजे, अरे वा. कागदावर राजीनामा नसल्यामुळे काही बिघडलेलं नाही, कामाला लागा. फक्त केक आधीच सांगून झालाय.

त्यामुळे समारंभ झाला. लोकांनी भाषणं तयार करून आणली होती, ती वाया कशी घालवणार. हिशेब खात्यातल्या बाई म्हणाल्या, पिन कोपऱ्यात तिरकी कशी मारायची ते काकांनी शिकवलं, नाहीतर माझी बोटं फुटायची. शिपाई म्हणाला, काका चहाचा कप स्वतः धुवून ठेवतात, बाकी कुणी नाही. धाकटे साहेब म्हणाले, पहिला दावा कसा वाचायचा हे मला यांनीच शिकवलं, आणि त्यामागे एक माणूस असतो, हेही. हे मी कधी म्हणालो ते आठवत नाही. पण म्हणालो असेन. खिशात हात घातला. कोटाला खिसा आहे, रुमाल नव्हता.

मग साहेबांनी जाहीर केलं की काका कुठेही जात नाहीत, इथेच आहेत.

मग टाळ्या पडल्या. उशिरा सुरू झाल्या, पण झाल्या.

खिडकीजवळ बसायला आलेल्या नव्या मुलाने आपलं सामान उचललं, त्याला दोन फेऱ्या लागल्या. केक चांगला होता. जागेवर जाऊन बसलो तर कळलं, त्याने खुर्ची स्वतःच्या मापाने उंच करून घेतलीय. खाली करायचा खटका कुठे असतो ते सापडेना. विचारायचं कुणाला? दिवसभर पाय लोंबकळत ठेवून त्या जळालेल्या घराची फाईल पुरी केली.